निकाल मैदानावर, निवड बंद खोलीत

साशंक : खेळ संपल्यावरही विजेता कोण हे मतं मोजून ठरवावं लागत असेल, तर मैदानावर धावायची तसदी घ्यायची कशाला? अमेरिकेतलं कॉलेज फुटबॉल बघा. लाख माणसं मावतील अशी स्टेडियम, कित्येक राज्यांत सर्वाधिक पगाराचा सरकारी नोकर म्हणजे राज्य विद्यापीठाचा फुटबॉल कोच, आणि एवढा थाटमाट असून अजिंक्यपद कोणी द्यायचं याचाच पत्ता नव्हता. एनसीएए ही संस्था पोहण्यापासून बास्केटबॉलपर्यंत साऱ्या खेळांची अजिंक्यपदं भरवते. सर्वोच्च स्तरावरच्या फुटबॉलचं अजिंक्यपद तिने आजवर एकदाही भरवलेलं नाही. ती रिकामी खुर्ची १९३६ साली असोसिएटेड प्रेस (एपी) या वृत्तसंस्थेने घेतली. क्रीडापत्रकारांनी दर आठवड्याला आपापली यादी धाडायची, बेरीज करायची, की ठरला पहिला नंबर. १९५० पासून कोचांची निराळी यादी सुरू झाली. १९६४ साली तर एपीने शेवटचं मतदान हंगामअखेरच्या बाउल सामन्यांच्या आधीच उरकून अलाबामाला विजेता जाहीर केलं, आणि १ जानेवारीला ऑरेंज बाउलमध्ये टेक्ससने त्याच अलाबामाला हरवलं. निकाल आधी, सामना नंतर. आर्कान्साने आपला बाउल जिंकला, अख्ख्या हंगामात एकही पराभव घेतला नाही, आणि एपीच्या यादीत तो दुसराच राहिला.

रसिक : चुका मोजायला बसलात तर माझ्याकडची यादी तुमच्यापेक्षा लांब निघेल. पण आधी आकडे बघा. सर्वोच्च स्तरावर २०२५ मध्ये १३६ संघ होते आणि नेहमीचा हंगाम बारा सामन्यांचा. हा अंगाला अंग भिडवायचा खेळ. आठवड्यातून दोनदा खेळवला तर पोरं इस्पितळात जातील. त्या बारांतले आठ-नऊ सामने आपल्याच कॉन्फरन्समधल्यांशी, म्हणजे आपल्याच गटातल्या विद्यापीठांशी. मग गुणतक्ता कशाचा मांडणार? आपल्याकडे कसोटी अजिंक्यपदात नऊच देश आहेत, तरी सगळे सगळ्यांशी खेळत नाहीत. दक्षिण आफ्रिका २०२५च्या अंतिम सामन्यात पोचली ती त्या फेरीत इंग्लंड-ऑस्ट्रेलियाशी एकही मालिका न खेळता, तेव्हा केवढी ओरड झाली होती! (मग लॉर्ड्सवर तिने ऑस्ट्रेलियालाच हरवलं, हा भाग वेगळा.) नवांत हे होतं, तर १३६ संघांत कोणाला तरी बसून तुलना करावीच लागणार. आणि बाउल सामने विजेता ठरवण्यासाठी निघालेच नव्हते. उबदार हवेच्या गावांनी ऐन थंडीत पाहुणे यावेत म्हणून भरवलेले ते उत्सव. रोज बाउल दुसऱ्या महायुद्धानंतर दोन ठरावीक कॉन्फरन्सांना बांधलेला, त्यामुळे पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाची गाठ पडली तर नशीब. मतदानाने काही बिघडवलं नाही. मुळात होतं ते भगदाड त्याने बुजवलं.

साशंक : बुजवलं, मान्य. पण भगदाड बुजवायला आलेला गवंडी पुढे घराचा मालक झाला, त्याचं काय? यादी नुसती मोजत नाही. ज्याला मोजते त्याला घडवतेही. पहिली यादी ऑगस्टमध्ये येते, एकही चेंडू हवेत गेलेला नसताना. २००४ मध्ये त्या यादीत सदर्न कॅलिफोर्निया पहिला, ओक्लाहोमा दुसरा आणि ऑबर्न सतरावा होता. तिघेही एकही सामना न हरता डिसेंबरला पोचले. वरचे दोघे हरलेच नाहीत, तर त्यांना खाली ओढायला कोणाकडे कारण असणार? ऑबर्न तिसऱ्या पायरीवर अडकला तो अडकलाच, आणि अंतिम सामन्यात सदर्न कॅलिफोर्नियाने ओक्लाहोमाला ५५-१९ असं लोळवलं. ऑबर्नने ऑगस्टमध्ये काय गुन्हा केला होता? त्याच्याबद्दल कोणी फार विचार केला नव्हता, एवढाच. त्यातून हे सगळं गोल फिरतं. तुमचा विजय मोठा कशावरून? हरलेला संघ पहिल्या पंचवीसात होता म्हणून. तो पंचवीसात कसा? त्याला उन्हाळ्यातच तिथे बसवलं होतं म्हणून. गेल्या वर्षीची अब्रू या वर्षीचे गुण म्हणून खपते.

रसिक : वजन असतं, पण ते उचलून फेकताही येतं. २०२५च्या ऑगस्टमध्ये एपीच्या यादीत टेक्सस पहिला होता आणि इंडियाना विसावा. टेक्सस अजिंक्यपदाच्या बाद फेरीत, म्हणजे प्लेऑफमध्येसुद्धा, आला नाही. इंडियाना, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या हरण्यासाठी ओळखला गेलेला संघ, एकही सामना न हरता विजेता झाला. आणि माणसांच्या पूर्वग्रहाचा तुम्हाला एवढा राग, तर गणिताचीही हौस फेडून झाली आहे. १९९८ पासून बीसीएस नावाची व्यवस्था होती. पत्रकार-कोचांची मतं आणि संगणकांची सूत्रं एकत्र करायची, वरच्या दोघांना अंतिम सामन्यात उतरवायचं. २००१ मध्ये नेब्रास्काने कोलोराडोकडून ६२-३६ असा मार खाल्ला, स्वतःच्या कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यातही त्याला जागा मिळाली नाही, तरी बेरजेने त्याला देशाच्या अंतिम सामन्यात नेलं. मतदारांनी दुसरा ठरवलेला ओरेगन त्या सामन्याबाहेर राहिला. २००३ मध्ये कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात ३५-७ हरूनही ओक्लाहोमा बेरजेत पहिलाच राहिला, आणि दोन्ही मतदानांत पहिला असलेला सदर्न कॅलिफोर्निया तिसरा ठरून बाहेर पडला. शेवटी एलएसयूने ओक्लाहोमाला हरवलं, कोचांनी करारानुसार एलएसयूला मुकुट दिला, आणि पत्रकारांनी सरळ सदर्न कॅलिफोर्नियाला. एक खेळ, एक वर्ष, दोन राजे. पुढच्याच हंगामानंतर एपीने कळवलं, आमची यादी या बेरजेत वापरू नका. गणित आलं की न्याय येतो, हा भ्रम तेव्हाच फिटला.

साशंक : तुम्ही त्यातली सगळ्यात बोलकी गोष्ट गाळलीत. बीसीएसमध्ये सहा संगणकी सूत्रं होती आणि त्यांतलं एकच, कॉली यांचं, पूर्ण उघडं होतं. कोणीही घरी बसून ताडून पाहावं. २०१० मध्ये खालच्या स्तरावरचा एक सामना त्यात भरायचा राहिला. बाहेरच्या एका माणसाच्या ते लक्षात आलं, आणि दहाव्या-अकराव्या क्रमांकांची, म्हणजे एलएसयू आणि बोइसी स्टेटची, अदलाबदल करावी लागली. लोक म्हणाले, बघा, गणित चुकतं. मी म्हणतो, चूक सापडली कुठे ते बघा. जिथे दार उघडं होतं तिथे. बाकीच्या पाचांत किती चुका पुरल्या गेल्या असतील ते देव जाणे.

रसिक : हा मुद्दा मी बिनशर्त मानतो. पण उघडेपणाचीही किंमत असते. आज प्लेऑफचे संघ निवडायला तेरा माणसांची समिती आहे, २०१४ पासून. विद्यापीठांचे क्रीडासंचालक, जुने कोच, जुने खेळाडू. पहिल्या समितीत तर माजी परराष्ट्रमंत्री कोंडोलिझा राइससुद्धा होत्या. टेक्ससमधल्या ग्रेपव्हाइनच्या एका हॉटेलात ही मंडळी जमतात. आपल्या विद्यापीठाचा विषय निघाला की त्या सदस्याने खोलीबाहेर जायचं. एकदम पंचवीसांची यादी मागत नाहीत. थोडे थोडे संघ घेऊन, पुन्हा पुन्हा मतं टाकून ती वरून खाली बांधत नेतात. समोरासमोर कोण जिंकलं, प्रतिस्पर्धी किती तगडे, कॉन्फरन्सचं अजिंक्यपद कोणाकडे, हे निकष लिहिलेले आहेत. मतपत्रिका मात्र गुप्त. उघडी केली तर त्या माणसाला आपल्या गावात भाजी आणायला बाहेर पडता येईल? अलाबामात राहून ऑबर्नला वर टाका आणि दुसऱ्या दिवशी किराणा दुकानात जाऊन दाखवा. बरं, ऑगस्टच्या यादीचं तुमचं गाऱ्हाणं त्यांनी ऐकलेलं आहे: समितीची पहिली क्रमवारी ऑक्टोबर सरता सरता किंवा नोव्हेंबर उजाडल्यावर येते, दोन-अडीच महिने खेळ बघून झाल्यावर.

साशंक : निकष लिहिलेत ना? मग आणखी एक ओळ वाचा. महत्त्वाचे खेळाडू किंवा कोच उपलब्ध नसतील तर त्याचा पुढच्या सामन्यांवर काय परिणाम होईल, तेही समिती बघू शकते. या एका ओळीने २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेटचा गळा कापला. तेरा सामने, तेरा विजय, आपल्या कॉन्फरन्सचं, एसीसीचं, अजिंक्यपद. नोव्हेंबरात चढाईची सूत्रं हलवणाऱ्या क्वार्टरबॅकचा, जॉर्डन ट्रॅव्हिसचा, पाय मोडला. त्यानंतरही संघ हरला नाही. कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात तिसऱ्या पसंतीचा पोरगा उतरवून लुईव्हिलला १६-६ हरवलं. जिंकल्यावर ते चौथ्यावरून पाचव्यावर घसरले. प्लेऑफमध्ये जागा चारच होत्या. मोठ्या कॉन्फरन्सचा अपराजित विजेता चौघांतून वगळला गेला, हे प्लेऑफ सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच घडलं. त्यांच्या जागी बारा विजय आणि एक पराभव घेऊन अलाबामा आला. मला सांगा, समिती नेमक्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर देत होती? या हंगामात कोणी काय करून दाखवलं, की जानेवारीत कोण जिंकेल असं वाटतं? पहिल्या प्रश्नाला फ्लोरिडा स्टेट हेच उत्तर. दुसऱ्याचं उत्तर कदाचित अलाबामा असेल. पण दुसराच प्रश्न विचारायचा असेल, तर झालेल्या सामन्यांचे निकाल म्हणजे साक्षीपुरावा, निवाडा नव्हे. हे त्या पोरांना सप्टेंबरात कोणी सांगितलं होतं?

रसिक : ते फ्लोरिडा स्टेट पुढे ऑरेंज बाउलमध्ये जॉर्जियाकडून ६३-३ हरलं, हे मी पुराव्यात धरत नाही. ते निम्मे-शिम्मे घरी बसले होते, मन मोडलेलं होतं; त्या आकड्यावरून समिती बरोबर होती असं म्हणणारे अप्रामाणिक आहेत. पण खोलीतली अडचण बघा. अलाबामाने निवडीआधीच्या त्याच शनिवारी जॉर्जियाला, म्हणजे पहिल्या क्रमांकाला, हरवलेलं. अलाबामाला त्याच्याच मैदानावर टेक्ससने हरवलेलं, म्हणून टेक्ससला वगळून अलाबामाला घेता येत नाही. मिशिगन आणि वॉशिंग्टन अपराजित. पाच संघ, चार खुर्च्या, आणि प्रत्येकाचं म्हणणं खरं. कोणालाही वगळलं असतं तरी तुम्ही आज हेच भाषण वेगळ्या नावाने केलं असतंत.

साशंक : नसतं केलं. कारण २०१४ माझ्यासमोर आहे. ओहायो स्टेटचे दोन क्वार्टरबॅक जायबंदी झाले. तिसरा, कार्डेल जोन्स, कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात उतरला. ओहायोने विस्कॉन्सिनला ५९-० हरवलं आणि समितीने त्यांना चौथी जागा दिली. त्याच वेळी टीसीयू, जो आठवडाभर आधी तिसरा होता, तो आपला सामना ५५-३ जिंकून सहावा झाला. तिसऱ्या क्वार्टरबॅकचा ओहायो स्टेट पुढे विजेता ठरला. म्हणजे जायबंदी संघ काय करू शकतो हे समितीच्या पहिल्याच वर्षी सगळ्या देशाने पाहिलं होतं. नऊ वर्षांनी तीच परिस्थिती, उलटा कौल. माझा आक्षेप कौलाला नाही. दोन प्रश्नांपैकी सोयीचा कोणता ते खोलीत बसून ठरतं आणि बाहेर फक्त उत्तर येतं, याला आहे.

रसिक : एका वेळी सहासष्ट गुणांची बरसात आणि एका वेळी सोळा-सहा, असं तुम्हाला खोलीतले लोक सांगतील.

साशंक : एकोणसाठ.

रसिक : एकोणसाठ, बरं! हिशेबनीस तुम्हीच. पण तुमचा मूळ आग्रह, नियम आधी सांगा आणि मग पाळा, तोही करून पाहिला. २०२४ मध्ये चारांचे बारा केले. पाच कॉन्फरन्स-विजेत्यांना हक्काची जागा, आणि वरच्या चार विजेत्यांना पहिल्या फेरीत विश्रांती. नियम स्वच्छ, आधीपासून छापलेला, कोणाच्या मर्जीचा प्रश्न नाही. झालं काय? समितीच्या क्रमवारीत नववा असलेला बोइसी स्टेट आणि बारावा असलेला ॲरिझोना स्टेट विश्रांती घेत बसले, आणि पहिल्या क्रमांकाच्या अपराजित ओरेगनच्या वाट्याला पहिल्याच सामन्यात ओहायो स्टेट आला. विश्रांती घेतलेले चारही संघ आपापला पहिला सामना हरले. आठवं मानांकन असलेला ओहायो स्टेट विजेता. वर्षभरात तो नियम गुंडाळला. आता मानांकन सरळ समितीच्या यादीप्रमाणे. म्हणजे नियम हवा म्हणणाऱ्यांनाच नियमाचं फळ आवडलं नाही, आणि सगळे पुन्हा त्याच बंद खोलीच्या दारात येऊन उभे राहिले.

साशंक : आणि खोलीने लगेच आपले गुण दाखवले. २०२५चा डिसेंबर. मायामी आणि नोटर डेम, दोघांचे दहा विजय, दोन पराभव. हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात मायामीने नोटर डेमला २७-२४ हरवलेलं. तरी आठवड्यामागून आठवडा समितीच्या यादीत नोटर डेम वर, मायामी खाली. शेवटच्या शनिवारी दोघेही खेळले नाहीत. आणि रविवारी मायामी आत, नोटर डेम बाहेर! स्पष्टीकरण काय, तर मधे बीवायू होता. तो टेक्सस टेककडून ३४-७ हरून खाली गेला, त्यामुळे हे दोघे शेजारी शेजारी आले, आणि शेजारी आले की मगच समोरासमोरचा निकाल बघायचा. सप्टेंबर लागण्याआधी झालेला सामना डिसेंबरात मोजला गेला, तोही तिसराच कोणी हरला म्हणून. त्याच शनिवारी अलाबामा कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात जॉर्जियाकडून २८-७ हरला आणि नवव्या जागेवरून तसूभर हलला नाही. बीवायूला पराभव भोवला, अलाबामाला नाही. दर मंगळवारी रात्री टीव्हीवर ही यादी वाजत-गाजत जाहीर करायची, लोकांना पाच आठवडे एक समजूत करून द्यायची, आणि शेवटच्या दिवशी ती फिरवायची. नोटर डेमने रागाने बाउल खेळायलाच नकार दिला, त्यात मला नवल वाटलं नाही.

रसिक : मंगळवारचा तमाशा मलाही डोईजड वाटतो. तो टीव्हीची वेळ भरायला आहे, निवडीला त्याची गरज नाही. यादी एकदाच, शेवटच्या रविवारी द्यावी, माझी हरकत नाही. पण शेवटचा कौल बरोबरच होता. समोरासमोर जिंकलेला संघ आत आला, आणि तो मायामी टेक्सस ए अँड एम, ओहायो स्टेट, ओल मिस यांना हरवत थेट अंतिम सामन्यात गेला. इंडियानाकडून हरला तो २७-२१ असा. वाट वाकडी होती, मुक्काम बरोबर.

साशंक : हेच तुम्ही २०२३ बद्दल अप्रामाणिक म्हणालात. नंतर काय झालं त्यावरून आधीचा निर्णय बरोबर ठरत नाही. नोटर डेम आत असता आणि विजेता झाला असता, तर?

रसिक : पकडलंत. बरं, मग तुमचा प्रश्न पक्का करून बघू. समजा उद्या लिहून टाकलं: फक्त करून दाखवलेलं मोजायचं, पुढचं भाकीत नको. पराभव कमी तो वर. मग शहाणा क्रीडासंचालक काय करेल? सप्टेंबरात ओहायो स्टेटशी सामना कशाला लावेल? चार दुबळ्या कॉलेजांना पैसे देऊन घरी बोलावेल आणि चार विजय खिशात घालेल. हे आजच सुरू आहे. म्हणून 'प्रतिस्पर्धी किती तगडे' हा निकष आणायचा, आणि तो आणला की कोण तगडा हे ठरवायला परत यादी लागणार. तुमचं ते गोल फिरणं. आता उलट लिहून बघा: फक्त ताकद मोजायची. मग अलाबामा चार सामने हरला तरी आत, कारण त्याच्याकडे पोरं चांगली आहेत. शनिवारी सामना बघायला जायचं कशाला, भरतीची यादीच वाचावी. दोन्ही टोकांना खेळ मरतो. समिती मध्ये लोंबकळते, हे मला तिचं दुबळेपण वाटत नाही.

साशंक : मध्ये लोंबकळायला ना नाही, पण या वर्षी दोरी कुठे बांधली आहे ते आधी सांगा. एवढंच मागतोय. आणि बारा जागांनी प्रश्न सुटला असंही समजू नका. बाराच्या व्यवस्थेत २०२३चा फ्लोरिडा स्टेट आरामात आत आला असता, कबूल. आता बाहेर राहतो तो दोन पराभवांचा संघ, आणि त्याच्यासाठी माझ्या डोळ्यांत पाणी येत नाही. चुका कमी झालेल्या नाहीत. चुकीची किंमत उतरली आहे.

रसिक : मला तेवढं पुरायला हवं होतं. पण खरं सांगू, माझं दुखणं वेगळंच आहे. मला हा खेळ आवडला तो त्या निर्दय यादीमुळे. नोव्हेंबरातल्या थंड शनिवारी एक सामना हरलात की वर्ष संपलं, हे भय प्रत्येक सामन्यात असायचं. २०११ मध्ये एलएसयूने अलाबामाला ९-६ हरवलं तेव्हा श्वास रोखून बघितलं होतं, कारण दोघांपैकी एकच उरणार असं वाटत होतं.

साशंक : आणि मतदारांनी दोघांनाही अंतिम सामन्यात आणून पुन्हा खेळवलं. अलाबामा २१-० जिंकला. ओक्लाहोमा स्टेट बाहेर.

रसिक : तेव्हाही मी चिडलो होतो. पण २०२५ मध्ये पहिला आणि दुसरा क्रमांक, ओहायो स्टेट आणि इंडियाना, कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात भिडले, दोघेही अपराजित. इंडियाना १३-१० जिंकला. पूर्वी असा सामना देशभर दहा वर्षं सांगितला गेला असता. ओहायो स्टेट हरून पहिल्यावरून फक्त दुसऱ्यावर आला आणि त्याला विश्रांतीही मिळाली. दोन्हीकडच्या पोरांनी जीव तोडला, आणि हरलेल्याचं काही गेलं नाही. आता सोळा करा, चोवीस करा अशी बोलणी चालू आहेत. काही कॉन्फरन्सांना हक्काच्या जागा आधीच वाटून हव्यात, म्हणजे तेवढ्या जागांपुरती समितीची कटकट नको. तुम्हाला हवा तो नियम येईल. माझा शनिवार जाईल.

साशंक : हक्काच्या जागा दोन श्रीमंत कॉन्फरन्सांनी वाटून घेणं याला मी नियम म्हणत नाही. कोणाला किती जागा हेसुद्धा कोणीतरी गेल्या दहा वर्षांच्या याद्या समोर ठेवूनच ठरवणार. तुमच्या त्या खोलीत निदान दर वर्षी पुन्हा वाद तरी होतो.

रसिक : म्हणजे खोली हवी?

साशंक : खोली राहू द्या. मतपत्रिका उघड्या करा. किराणा दुकानात काय व्हायचं ते होऊ दे.

रसिक : तेरातले किती जण पुढच्या वर्षी यायला तयार होतील, ते आधी विचारून या.